शेजारी टॉवर, दारात नवा पदपथ : मध्यवस्तीतल्या सोसायटीने कसे लक्ष ठेवावे

पुण्यात डेक्कन, शिवाजीनगर, एरंडवणे किंवा मुंबईत दादर, परळ, गिरगाव अशा जुन्या मध्यवस्तीत राहणाऱ्यांच्या वाट्याला हल्ली दोन कामे एकदमच येतात. कुंपणाच्या एका बाजूला जुना बंगला किंवा तीन मजली सोसायटी पाडून तळघरांसह उंच इमारत उभी राहू लागते, आणि त्याच सुमारास समोरचा रस्ता उकरून पदपथ, पावसाळी गटार, दिवे आणि बाके नव्याने करण्याचे काम निघते. पहिले काम विकसकाचे, त्याला परवानगी देणारा विभाग वेगळा. दुसरे काम महापालिकेचे, ते पाहणारा पथ विभाग वेगळा. दोन्ही फाइली आपापल्या वाटेने चालतात आणि त्या जेथे एकमेकींना भेटायला हव्या होत्या, ती जागा नेमकी आपल्या फाटकासमोरची असते.

हे मार्गदर्शन अशा सोसायटीच्या कार्यकारिणीसाठी आहे. टॉवर होऊ नये किंवा रस्ता होऊ नये, असा त्याचा रोख नाही. दोन्ही कामे चांगली झाली तर वस्तीचे भलेच होते. भर एवढाच आहे की, सोसायटीची नोंद, मोजमाप आणि मागणी ही जमिनीत पहिला ब्रेकर (खडक फोडण्याचे यंत्र) लागण्याआधी लेखी झालेली असली पाहिजे. खोदाई सुरू झाल्यावर केलेली तक्रार ही तक्रारच राहते, तर आधी दिलेले पत्र पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

आधी कागद मिळवावेत

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही उंच इमारत समजली जाते. म्हणजे शेजारी होणारी इमारत ‘फक्त सात मजल्यांची’ आहे, असे कोणी सांगितले तरी अग्निशमनाचे आणि सुरक्षिततेचे वेगळे नियम तिला लागू असतात. मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे, तर पुण्यासह राज्याच्या बहुतेक शहरांत डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत नियमावली लागू आहे. या नियमावलीप्रमाणे बांधकामाच्या जागेवर फलक लावणे बंधनकारक असून त्यावर मालकाचे व वास्तुविशारदाचे नाव, परवानगीचा क्रमांक व तारीख आणि मंजूर नकाशे कोठे पाहता येतील, हे लिहिलेले असावे लागते. सोसायटीचे पहिले काम म्हणजे या फलकाचे तारीख दिसेल असे छायाचित्र काढून ठेवणे. फलक नसेल, तर सोसायटीचे पहिले पत्र त्याच विषयाचे असावे.

पुढची पायरी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळाची. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांचा विक्रीसाठीचा प्रकल्प तेथे नोंदवावाच लागतो. हे संकेतस्थळ फक्त घर घेणाऱ्यांसाठी आहे, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात शेजाऱ्यालाही तेथे मंजूर आराखडा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मजल्यांची संख्या, काम पूर्ण करण्याची तारीख आणि दर तिमाहीची प्रगती पाहता येते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाल्यामुळे कुंपणावरच्या जाहिरातीवरूनही थेट त्या पानावर पोहोचता येते. प्रारंभ प्रमाणपत्र वाचताना ते किती मजल्यांपर्यंत आहे, हे आवर्जून पाहावे. पुष्कळदा ते सुरुवातीला जोत्यापुरतेच दिलेले असते आणि वरच्या मजल्यांची मंजुरी टप्प्याटप्प्याने येते. हा प्रत्येक टप्पा म्हणजे सोसायटीला आपले म्हणणे मांडण्याची एक संधी असते.

जे कागद असे मिळत नाहीत, त्यांच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहून काहीही हाती लागत नाही. ‘अमुक क्रमांकाच्या परवानगीच्या फाइलची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी’ एवढेच मागावे, फाइल समोर बसून वाचावी आणि हव्या त्या पानांच्याच प्रती घ्याव्यात. या कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये कागदांबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिलेला आहे. रस्त्याच्या कामात त्याचा फार उपयोग होतो.

खोदाईपूर्वी आपल्या इमारतीची नोंद

सोसायटीने खर्च करावा असे या सगळ्यात एकच काम आहे आणि ते हे. शेजारी दोन-तीन तळघरे खणली जातात, तेव्हा आपल्या पायाशेजारची माती बाजूने मोकळी होते. पुण्यात वर मुरूम आणि खाली काळा बेसाल्ट असतो. तो फोडण्यासाठी ब्रेकर लागतात आणि त्यांची कंपने जुन्या विटांच्या भिंतींना जाणवतात. मुंबईत भरावाची जमीन आणि भूजलाची उंच पातळी असलेल्या भागांत प्रश्न वेगळा असतो. तेथे खड्ड्यातले पाणी सतत उपसले गेले की आजूबाजूच्या जमिनीतले पाणीही उतरते आणि जमीन खचू शकते. या दोन्हींवर उपाय असतात. खड्ड्याच्या कडेने आधी शोअर पायलिंग करून, म्हणजे जमिनीत खोल खांबांची रांग उभारून, आधार देणे, खडकात अँकर मारणे, एकदम न खणता टप्प्याटप्प्याने खणणे, हे सर्व विकसकाच्या स्थापत्य सल्लागाराला ठाऊक असते. सोसायटीने त्याचा आराखडा पाहायला मागावा आणि खड्ड्याची कड आपल्या कुंपणापासून किती अंतरावर आहे, हा आकडा लेखी घ्यावा.

त्याआधी आपल्या इमारतीची स्थिती नोंदवणे आवश्यक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हायला हवी. ती राहिली असेल, तर आता करून घ्यावी, म्हणजे एकाच खर्चात दोन्ही कामे साधतात. मान्यताप्राप्त संरचना अभियंत्याने प्रत्येक सदनिका, जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत पाहून आज असलेल्या भेगांची यादी करावी. प्रत्येक भेगेशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढावे. अहवालाची एक प्रत विकसकाला आणि एक महापालिकेला पोच घेऊन द्यावी. विकसकाचा अभियंता या पाहणीत सोबत असेल आणि त्याची स्वाक्षरी अहवालावर झाली, तर अधिक चांगले. ‘ही भेग आधीचीच आहे’ हा वाद पुढे निघतोच, आणि त्या वेळी एवढाच कागद कामाला येतो.

जुन्या भेगा वाढत आहेत का, हे पाहण्याची एक साधी रीत बांधकामावरची माणसे वर्षानुवर्षे वापरत आली आहेत. काचेची एक पातळ, साधारण बोटभर रुंदीची पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला पक्की चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची. प्लास्टर लावण्यापूर्वी रंगाचा थर खरवडून काढावा, नाहीतर पट्टी भिंतीला न चिकटता रंगाला चिकटते आणि काहीच कळत नाही. भिंतीचे दोन भाग किंचितही सरकले तरी काच तडकते. तडकलेली पट्टी काढून टाकू नये. तिचे छायाचित्र काढावे, तारीख लिहावी आणि तिच्या वर किंवा खाली दुसरी पट्टी लावावी. अशा पाच-सहा जागा पुरेशा असतात : खड्ड्याकडच्या बाजूच्या भिंती, जिन्याचे वळण, खिडक्यांचे कोपरे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली किंवा विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भेग ही केवळ गिलाव्याची नसते; पाया एका बाजूला दबत असल्याची ती खूण असू शकते आणि ती दिसली की त्याच दिवशी अभियंत्याला बोलवावे.

कंपनांसाठी विकसकाने कंपनमापक यंत्र बसवावे, अशी मागणी करावी. खाण सुरक्षा महासंचालनालयाने सुरुंगस्फोटांसाठी घरांना लागू केलेली मर्यादा कमी वारंवारितेला, म्हणजे ८ हर्ट्झच्या खाली, सेकंदाला ५ मिलिमीटर आहे आणि नाजूक किंवा ऐतिहासिक वास्तूंसाठी ती २ मिलिमीटर आहे. ब्रेकरच्या कामासाठी हे आकडे बंधनकारक नसले, तरी अभियंत्याशी बोलताना आधार म्हणून ते धरता येतात. ‘फार हादरे बसतात’ या वाक्यापेक्षा आकड्याला उत्तर देणे भाग पडते.

काम चालू असताना

धुळीबाबत मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना पुष्कळ नेमक्या आहेत आणि इतर शहरांतल्या सोसायट्यांनाही त्या मागणीचा नमुना म्हणून पुढे करता येतील. एक एकरापेक्षा मोठ्या जागेभोवती किमान ३५ फूट आणि त्याहून लहान जागेभोवती किमान २५ फूट उंच पत्र्याचे कुंपण, ७० मीटरपेक्षा उंच बांधकामाला ३५ फुटांचे कुंपण, इमारतीला चारही बाजूंनी ओल्या कापडाचे किंवा ताडपत्रीचे आच्छादन, राडारोड्यावर पाण्याचा फवारा, झाकलेले डंपर आणि फाटकातून बाहेर पडण्यापूर्वी त्यांच्या चाकांची धुलाई, असे त्यांचे स्वरूप आहे. रोज पाहायची गोष्ट शेवटची. चाके धुतली जात नसतील, तर फाटकापासून पुढे रस्त्यावर मातीचे दोन पट्टे उमटतात आणि ते वाळले की दिवसभर धूळ उडते. हे पट्टे छायाचित्रात स्पष्ट दिसतात.

पाडकामातून निघालेला राडारोडा कोठे गेला, हेही विचारावे. २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन राडारोडा निर्माण करणाऱ्याने त्याचे वर्गीकरण करून व्यवस्थापनाचा आराखडा महापालिकेला देणे बंधनकारक केले होते. जुनी इमारत पाडणारा बहुतेक प्रत्येक टॉवर या मर्यादेत सहज येतो. रात्री नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी रिकामे होणारे डंपर कोणत्या तरी परवानगी असलेल्या कामावरूनच आलेले असतात, हे शहराने विसरू नये.

आवाजाबाबत कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात व शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवण्यास मनाई आहे. स्लॅबचे काँक्रीट एकदा ओतायला घेतले की मध्येच थांबवता येत नाही, असे सांगितले जाते आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे; पण ते सुरू कधी करायचे, हे मात्र ठरवता येते. म्हणून प्रत्येक वेळी भांडण्यापेक्षा स्लॅबच्या तारखा आठवडाभर आधी कळवाव्यात आणि काम पहाटेऐवजी सकाळी सहानंतर सुरू करून रात्री दहापूर्वी संपवावे, असा लेखी समझोता जागेवरच्या प्रकल्प व्यवस्थापकाशी करणे शहाणपणाचे ठरते. तो मोडला गेला तर ११२ वर कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

टॉवर क्रेनचा हात आपल्या गच्चीवरून फिरतो का, हे काम सुरू होतानाच विचारावे. ओझे टांगलेले असताना तो सोसायटीच्या आवारावरून किंवा चालू रस्त्यावरून जाऊ नये, ही अट क्रेन बसवण्याआधी घालणे सोपे असते. तळघरातून उपसलेले पाणी रस्त्यावर सोडले जात असेल तर तेही थांबवावे. त्या पाण्याने नव्या रस्त्याची खडी सुटते, आणि तेच पाणी जागेवर फवाऱ्यासाठी चालते.

रस्त्याचे पूर्वगणनपत्रक वाचताना

आता रस्त्याकडे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि शहरी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बसायच्या जागा, आखीव वाहनतळ असे त्याचे रूप लोकांनी पाहिले. याच रस्त्याची आणखी एक आठवण पुणेकर सांगतात. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने तो १० वर्षांच्या लेखी हमीवर बांधला आणि हमी संपून कितीतरी वर्षे गेली तरी त्यावर खड्डा पडला नाही. ही आठवण कौतुकाने सांगितली जाते. पण तिच्यातला उपयोगाचा भाग हमीचा आहे. हमी कागदावर होती, म्हणून काम तसे झाले.

रस्त्याचे काम निघाल्याचे कळताच पथ विभागाकडून तीन गोष्टी मिळवाव्यात : आडवा छेद दाखवणारा नकाशा, पूर्वगणनपत्रक (कामाच्या बाबी व अंदाजित खर्चाचे एस्टिमेट) आणि कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर). नकाशात आपल्या फाटकासमोरचा छेद शोधावा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सुविधांसंबंधीच्या मानकात, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, पदपथाचे तीन पट्टे धरलेले आहेत. इमारतींना लागून असलेला, मधला चालण्याचा आणि रस्त्याकडचा झाडे-दिवे-बाके यांचा. मधला पट्टा कोठेही १.८ मीटरपेक्षा अरुंद नसावा, त्यावर २.२ मीटर उंचीपर्यंत कोणताही अडथळा नसावा आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. पदपथ तीन मीटरचा असल्याचे नकाशात लिहिलेले असते. पण विजेचा फीडर पिलर (वीजवितरणाची पेटी), दिव्याचा खांब आणि झाडाचे आळे वजा केले की उरते किती, ते टेपने मोजावे. चालायला मिळते ती रुंदी हीच खरी रुंदी. एका ठिकाणी जरी ती ९० सेंटिमीटरच्या खाली गेली तरी व्हीलचेअर तेथे अडते आणि मग उरलेला सगळा रुंद पदपथ त्या माणसाच्या उपयोगाचा राहत नाही.

पूर्वगणनपत्रकात जमिनीखालच्या कामांचा क्रम पाहावा. मलवाहिनी, पावसाळी गटार, पाण्याची नळी, वीज आणि दूरसंचाराच्या केबलींसाठीचे डक्ट (जमिनीखालच्या पोकळ नळ्या) हे सगळे आधी आणि फरशी शेवटी, असा क्रम असेल तरच पदपथ टिकतो. बंगळूरमध्ये टेंडरशुअर नावाने झालेल्या रस्त्यांचे खरे मोल हेच आहे. तेथे केबली आणि नळ्या पदपथाखाली ठरलेल्या जागी नेल्या गेल्या, म्हणून नव्या जोडणीसाठी डांबर फोडायची गरज राहिली नाही. आपल्याकडे पत्रकात ‘डक्ट’ ही बाबच नसेल, तर पहिल्या दिवाळीनंतर पेव्हर ब्लॉक उखडले जाणार, हे धरून चालावे. ती बाब निविदेआधी घालून घेणे शक्य असते. निविदा निघाल्यावर तो ‘जादा खर्चाचा’ विषय होतो.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या पातळीची. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकत गेल्यामुळे कित्येक सोसायट्यांची फाटके आज रस्त्यापेक्षा खाली गेली आहेत आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी थेट वाहनतळात शिरते. काम सुरू होण्यापूर्वी फाटकाच्या खांबावर आजच्या रस्त्याची पातळी रंगाने आखून तिचे छायाचित्र काढावे आणि नवी पातळी तिच्यापेक्षा वर जाणार नाही, असे लेखी मागावे. पदपथाला रस्त्याच्या बाजूला ५० ते १०० ला १ एवढा उतार असावा आणि पावसाळी चेंबरची जाळी पाण्याच्या वाटेवर, सर्वांत खोल जागी असावी. ही जाळी पुष्कळदा पदपथाच्या रेषेशी जुळावी म्हणून सुबकपणे बसवलेली असते आणि पाणी तिच्या चार हात पलीकडे साचते. कामावरच्या मुकादमाला बादलीभर पाणी ओतून दाखवले की त्याला लगेच पटते. तो आपल्याइतकाच त्याच पावसात काम करणारा माणूस असतो.

झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायदा आहे. झाड तोडण्याचा प्रस्ताव असेल तर त्याची नोटीस झाडावर लागते आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात, म्हणून ती पाहिल्याच दिवशी पत्र द्यावे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. मात्र बहुतेक झाडे कुऱ्हाडीने जात नाहीत, ती चराने जातात. गटारासाठी खोडाजवळून जेसीबीने चर काढला की एका बाजूची मुळे तुटतात आणि दोन पावसाळ्यांनी वड किंवा पर्जन्यवृक्ष वाऱ्यात कोसळतो. फांद्यांच्या घेराखाली चर हातानेच खणावा, ही अट मुळातच लिहून घ्यावी.

फेरीवाल्यांबाबत थोडक्यात एवढेच की, ते पदपथावर येणारच आहेत. २०१४ च्या कायद्याने त्यांना नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधित्व दिले आहे. नकाशातच त्यांची जागा झाडांच्या पट्ट्यात आखली, तर चालण्याचा पट्टा मोकळा राहतो. ‘फेरीवालामुक्त’ म्हणून आखलेल्या पदपथावर ते चालण्याच्या पट्ट्यात बसतात.

टॉवर आणि पदपथ जेथे भेटतात

माझ्या मते सोसायटीने सर्वांत अधिक शक्ती खर्च करावी ती येथे, कारण ही जागा कोणत्याच विभागाच्या यादीत पूर्णपणे येत नाही.

रस्तारुंदीत जाणारी जमिनीची पट्टी विकसक महापालिकेला देतो आणि तिच्या बदल्यात त्याला चटई क्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, मिळतो. मोबदला मिळालेली ती पट्टी त्या दिवसापासून सार्वजनिक असते. प्रत्यक्षात ती कुंपणाच्या पत्र्याआड राहते. तिच्यावर विक्री कार्यालय, सळईचा ढीग किंवा जनरेटर असतो. मग पथ विभागाचा ठेकेदार पत्र्यापर्यंतच पदपथ बांधतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी पत्रा निघतो तेव्हा नव्या पदपथाशेजारी मातीची एक रिकामी पट्टी उघडी पडते, जिच्यावर दुसऱ्या दिवसापासून गाड्या उभ्या राहतात. हे टाळण्यासाठी मंजूर नकाशातून रस्तारुंदीची रेषा काढावी, ती पथ विभागाच्या नकाशावर आखावी आणि दोन्ही विभागांना एकाच पत्राने विचारावे की या पट्टीचा ताबा केव्हा घेतला आणि ती पदपथात कधी मिळवली जाणार. पत्र एकच असणे महत्त्वाचे आहे. दोन वेगळी पत्रे दिली तर दोन्हींना ‘हा विषय आमच्याकडील नाही’ असे उत्तर येते.

दुसरी जागा टॉवरच्या वाहनप्रवेशाची. दोन-तीनशे गाड्या सकाळ-संध्याकाळ पदपथ ओलांडणार असतात. नेहमीची पद्धत अशी की प्रत्येक फाटकापाशी पदपथ रस्त्याच्या पातळीला उतरवायचा आणि पुढे पुन्हा चढवायचा. मग उंटाच्या पाठीसारखा झालेला तो पदपथ सोडून लोक रस्त्याच्या कडेने चालतात. त्याऐवजी पदपथ त्याच उंचीवर सलग न्यावा आणि गाड्यांनी छोट्या चढावावरून तो ओलांडावा. गाडीचा वेग आपोआप कमी होतो आणि पदपथाची फरशी खंडित न झाल्यामुळे येथे चालणाऱ्याचा पहिला हक्क आहे, हे चालकाला वेगळे सांगावे लागत नाही. त्या भागात ब्लॉक जाड आणि खालचा थर काँक्रीटचा हवा, नाहीतर डंपरच्या पहिल्या फेऱ्यांत तो खचतो. यासाठी, शक्य असेल तर, टॉवरसमोरच्या लांबीतली अंतिम फरशी अवजड वाहतूक संपल्यावरच बसवावी आणि तोवर साधा काँक्रीटचा पदपथ करावा, अशी मागणी करणे योग्य. दोनदा फरशी बसवण्याचा खर्च अखेर करदात्याचाच असतो.

काम चालू असेपर्यंत चालणाऱ्यांचे काय, हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. पदपथ बंद करायचा असेल, तर रस्त्याच्या कडेचा एक पट्टा अडथळे लावून, वर पत्र्याचे छप्पर घालून आणि रात्री दिवा ठेवून पादचाऱ्यांना दिला पाहिजे. ‘पलीकडच्या पदपथाने जावे’ हा फलक म्हणजे व्यवस्था नव्हे.

या जोडणीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालयांचे आणि घरांचे टॉवर उभे राहिले, रोज तेथे येणाऱ्यांची संख्या वाढत गेली, पण गल्ल्या, पदपथ आणि रेल्वेचे पूल गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, अरुंद पादचारी पुलावर भर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जणांनी प्राण गमावले. प्रत्येक इमारतीला रीतसर परवानगी असू शकते. इमारतीच्या दारापासून स्थानकापर्यंत माणूस कसा चालत जाईल, हे मात्र कोणत्याही एका परवानगीत लिहिलेले नसते.

म्हणून सोसायटीने आपल्या मागण्या भोगवटा प्रमाणपत्राशी जोडाव्यात. टॉवर पूर्ण झाल्यावर महापालिका भोगवटा प्रमाणपत्र देते, आणि ते मिळेपर्यंत विकसकाला प्रत्येक अट महत्त्वाची वाटते. रस्तारुंदीच्या पट्टीचा ताबा, फुटलेल्या पदपथाची दुरुस्ती, आपल्या इमारतीचे नुकसान भरून देणे आणि पावसाळी गटारातला सिमेंटचा गाळ काढणे, या चारही बाबी पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये, असे पत्र काम संपण्याच्या किमान सहा महिने आधी द्यावे. प्रमाणपत्र दिल्यानंतर पाठवलेल्या पत्राला फारसे वजन राहत नाही. गटाराची बाब किरकोळ वाटेल. पण मिक्सर धुतलेले पाणी चेंबरमध्ये सोडल्यामुळे आत घट्ट झालेले सिमेंट हे टॉवरशेजारच्या रस्त्यावर पाणी तुंबण्याचे एक अगदी नेहमीचे कारण आहे आणि चेंबरचे झाकण उघडल्याशिवाय ते दिसत नाही.

देयक आणि दोषदायित्व

रस्त्याच्या ठेकेदाराला पैसे मिळतात ते मोजमाप पुस्तकातल्या नोंदींवर. पथ विभागाच्या अभियंत्याने त्यात लांबी, रुंदी, खोली लिहिलेली असते. अंतिम देयकापूर्वी माहिती अधिकारात हे पुस्तक पाहायला मागावे आणि आपल्या शंभर-दोनशे मीटरच्या तुकड्याच्या नोंदी प्रत्यक्ष जागेवर टेपने पडताळाव्यात. ब्लॉकची जाडी, कर्बस्टोनची लांबी, बसवलेल्या दिव्यांची संख्या, लावलेली झाडे हे सर्व कोणालाही मोजता येते. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. तफावत आढळली तर पुस्तकाच्या पानाचा क्रमांक देऊन पत्र लिहावे.

कार्यारंभ आदेशात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत फरशी खचली, उतार बिघडला किंवा दिवा बंद पडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि तोवर त्याची अनामत रक्कम महापालिकेकडे असते. ही मुदत कधी संपते, ती तारीख सोसायटीच्या कार्यालयात फलकावर लिहून ठेवावी. टॉवरच्या खरेदीदारांनाही रेरा कायद्याच्या कलम १४ (३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष विकसकाकडून दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे, त्यामुळे नव्या शेजाऱ्यांशी ओळख होताच ही गोष्ट त्यांना सांगावी. त्यांच्या तळघरात झिरपणारे पाणी आणि आपल्या कुंपणालगत खचणारी जमीन यांचे मूळ एकच असू शकते, आणि अशा वेळी दोन्ही सोसायट्यांचे संयुक्त पत्र अधिक लवकर हलते.

दोषांची यादी करण्यासाठी योग्य वेळ म्हणजे दोषदायित्वाच्या मुदतीतला शेवटचा पावसाळा. जुलैत जोराचा पाऊस पडून गेल्यावर तासाभराने दोन-तीन सभासदांनी टेप, खडू आणि मोबाइल घेऊन पदपथावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे. पाणी साचलेल्या प्रत्येक जागेभोवती खडूने रेघ ओढावी, हलणाऱ्या ब्लॉकवर फुली मारावी आणि जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक चौकटीत येईल असे छायाचित्र घ्यावे, म्हणजे जागा शोधण्यावरून पुढे वाद होत नाही. ही यादी पथ विभाग आणि क्षेत्रीय कार्यालय या दोन्हींकडे पोच घेऊन द्यावी, पुण्यात महापालिकेच्या पीएमसी केअर या तक्रार सेवेवर किंवा मुंबईत १९१६ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक पत्रावर लिहावा, आणि दुरुस्ती झाल्याचा अहवाल हाती येईपर्यंत ठेकेदाराची अनामत रक्कम परत करू नये, अशी स्पष्ट विनंती त्याच पत्रात करावी.